आधी गोष्ट, मग खुर्ची

गेल्या मंगळवारी, दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, कोळगावच्या एका सभागृहात बोईसरच्या जुन्या टॉकीजच्या डोअरकीपरवर अन्याय झाला. त्यांचं नाव तीनदा पुकारलं गेलं आणि नावापुढे 'गैरहजर' असं लिहिलं गेलं. ते गैरहजर नव्हते. त्याच सभागृहाच्या दाराबाहेर, चौकटीपासून दोन हातांवर उभे होते. कोर्टातला शिपाईसुद्धा दाराबाहेर येऊन पुकारा करतो. इथे पुकारणाऱ्या साहेबांनी कागदावरून मान वर करायचीही तसदी घेतली नाही.

सुनावणी कशाची, तेही सांगते. टॉकीज पाडून तिथे दुकानांचे गाळे काढायचे, की जतन करायच्या जुन्या वास्तूंच्या यादीत त्याचं नाव घालायचं, याची. यादीत नाव आलं नाही तर पावसाळा संपला की हातोडा पडणार. टॉकीजचे मालक वारले. ऑपरेटर त्यांच्याही आधी गेला. पहिल्या खेळापासून शेवटच्या खेळापर्यंत सगळं डोळ्यांनी बघितलेला एकच माणूस उरलाय, आणि त्याच्या नावापुढे काय लिहिलंय ते वर आलंच.

मी पत्रकं लिहिते. पाण्याच्या वासावर, रस्त्याच्या खड्ड्यांवर, बंद पडलेल्या एसटीवर. पत्रकात माणसाची ओळख एका ओळीत संपवावी लागते. या डोअरकीपर काकांची एका ओळीत संपवायला मी तीनदा बसले आणि तीनदा कागद फाडला. म्हणून हे असं लांबलंय.

काका म्हणजे किनाऱ्यावरच्या दांडी गावचे. घराण्यात सगळे समुद्रावर जाणारे. हेच एकटे बोटीत बसले की ओकायचे, म्हणून बापाने वैतागून टॉकीजला चिकटवलं. अंगाने किडकिडीत, खांदे एका बाजूला कललेले, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. हातात तीन सेलची बॅटरी. ती बॅटरी ते कधी कोणाच्या तोंडावर मारायचे नाहीत. फक्त पायांवर. "तोंडावर पोलीस मारतात," म्हणायचे. "पिच्चरला आलेला मानूस चोर नाय. त्याला फकत पाय ठेवायला जागा दिसली पायजे."

आणि त्यांचा नियम. बोईसरच्या माझ्याहून मोठ्या कोणालाही विचारा, हा नियम सांगतील. उशिरा आलेल्या माणसाला काका तसंच आत सोडायचे नाहीत. आतलं जाड हिरवं कापड आणि बाहेरचं लाकडी दार यांच्यामध्ये चार पावलांची अंधारी जागा होती. तिथे थांबवायचे, आणि तोपर्यंत पडद्यावर काय काय झालं ते सांगायचे. पूर्ण. मगच कापड बाजूला व्हायचं. आधी गोष्ट, मग खुर्ची.

माझी आई एमआयडीसीत पॅकिंगला होती. पहिली पाळी तीनला सुटायची आणि तीनचा खेळ बरोब्बर तीनला सुरू व्हायचा. कंपनीची बस तिला नाक्यावर वीस-पंचवीस मिनिटं उशिरा सोडायची, मी तिथे वाट बघत उभी. सहाच्या खेळाला थांबलं तर रात्रीचा स्वयंपाक कोण करणार? म्हणजे दर शनिवारी आम्ही उशिराच. त्या टॉकीजमध्ये मी किती पिक्चर बघितले याची मोजदाद नाही, पण त्यातल्या एकाचीही सुरुवात मी बघितलेली नाही. ऐकलेली आहे.

आईला ते सहन व्हायचं नाही. आठ तास उभी राहून आलेली बाई.

"अहो काका, मला गोष्ट नको, खुर्ची पाहिजे. पाय तुटतायत माझे."

"दोन मिन्टं, वैनी. आत्ता आत गेलात तर तो मिशीवाला कोन ते कळनार नाय. मंग शेजारणीला इचाराल. शेजारीण सांगंल, तिचं बुडंल. तिच्या मागचा शिव्या घालंल."

"घालू दे शिव्या."

काका बाहेर गेले आणि तिकीट खिडकीतलं लोखंडी स्टूल उचलून घेऊन आले. आईला त्यावर बसवलं. आणि मग सावकाश, पहिल्यापासून सांगायला लागले. त्या दिवसापासून दर शनिवारी ते स्टूल दारामागे तयार असायचं. आई कुरकुरत बसायची. पुढे पुढे तिने कुरकुर बंद केली, आणि एका शनिवारी बस लवकर पोचली तेव्हा मला म्हणाली, "चल, आधी वडापाव खाऊ. काय घाई आहे?"

दांडीच्या बायका तर मुद्दाम उशिरा यायच्या. सकाळी बाजारात मासळी विकून झाली की बाराचा खेळ. मालकाचा हुकूम होता, मासळीच्या पाट्या आवारात नकोत. काका त्या पाट्या सायकल स्टँडच्या मागे ओल्या गोणपाटाखाली पालथ्या घालून ठेवायचे आणि मालकाने विचारलं की छातीठोक सांगायचे, "वास दर्याचा येतो, शेठ. वारा फिरलाय." त्या बायकांतली एक मला एकदा म्हणाली होती, "येळेवर गेलं तर नुस्तं पिच्चर भेटतं गो. उशिरा गेलं तर गोष्टपन भेटते."

ती खरंच बोलत होती, हे मला फार उशिरा कळलं. कॉलेजला गेल्यावर त्यातले काही पिक्चर मी मोबाइलवर शोधून सुरुवातीपासून बघितले. आणि चक्रावले. काकांच्या सांगण्यात हिरोची आई पालघरजवळच्या आपल्या माहीमची होती आणि पानवेलींना पाणी घालून तिने पोराला वाढवलं होतं. मोबाइलवर ती कुठल्यातरी हवेलीत पियानोशेजारी उभी! काकांच्या सांगण्यात बाप खाडीच्या तोंडाशी बोट उलटून गेला होता. पडद्यावर तो मोटार अपघातात गेला. खलनायक काकांकडे कायम बर्फाच्या कारखान्याचा मालक असायचा. इतकी वर्षं मी जे बघितलं होतं त्याचा पहिला अर्धा तास या माणसाने स्वतःच्या पदरचा घातला होता. आणि तरी पुढचं सगळं बरोब्बर जुळायचं. इंटरव्हलनंतर हिरो आईच्या फोटोसमोर रडायचा तेव्हा वेळेवर आलेले लोक शेंगा सोलत असायचे, आणि आम्ही उशिरा आलेले मात्र हमसून रडायचो. आम्हाला पानवेली माहीत होत्या ना!

हे फसवणं होतं का? एकदा बाजारात गाठून मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. मी कोणालाही तोंडावरच विचारते.

"काका, तुम्ही खोटं का सांगायचात?"

"खोटं काय त्यात? आई होती का नाय पिच्चरमधे? होती. बाप मेला का नाय? मेला. आता कुटं मेला, ते तुला कळंल असं सांगायला नको?"

भाषाही माणूस बघून. कोळीणबाईला तिच्या बोलीत, युपी-बिहारहून कंपनीत आलेल्याला हिंदीत. "देखो भैया, ये जो लडकी है, इसको मालूम नहीं की वो उसका सगा भाई है. तुमको मालूम है. चिल्लाना नहीं." डोंगराकडची माणसं बाजाराच्या दिवशी यायची, त्यांना त्यांच्यासारखं. एकदा जव्हारकडची एक म्हातारी आली होती. आयुष्यातला पहिला पिक्चर. काकांनी सगळं सांगितलं, की पोरीचं लग्न ठरलं, मोडलं, वरात दारातून परत गेली. म्हातारीने विचारलं, "मंग ती पोर रडली का?"

काका थांबले. मी शेजारीच होते, आईच्या स्टुलाला धरून. त्यांना आठवेना. "थांब हां आजे," म्हणाले आणि कापड सारून आत गेले. परत आले ते दहा मिनिटांनी. "नाय रडली. दिवा विझला होता, तो लावला तिनं." म्हातारीने मान हलवली आणि मगच आत गेली. तो प्रसंग तर केव्हाच होऊन गेला होता, आत जाऊन त्यांनी काय बघितलं? मी हे विचारलं नाही. एवढं एकच विचारलं नाही.

शेवट मात्र ते कधीच सांगायचे नाहीत. लाच दिली तरी नाही. फक्त एकदा त्यांना शेवट सांगावा लागला, आणि त्याची आठवण काढून बोईसरची जुनी माणसं अजून हसतात.

तेव्हा एकाच पिक्चरची रिळं पालघरच्या आणि आमच्या टॉकीजमध्ये मिळून चालायची. तिकडे पहिला भाग संपला की त्या रिळांचे डबे शटलने, म्हणजे लोकल गाडीने, इकडे यायचे. तिकडे दुसरा चालू, इकडे पहिला. मग दुसऱ्याचे डबे. एका शनिवारी शटल मधल्या स्टेशनात, उमरोळीला अडकली. इंटरव्हल झाली, समोसे संपले, पाऊण तास झाला तरी डबे नाहीत. स्टॉलमधून, म्हणजे पुढच्या स्वस्त खुर्च्यांतून, शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी खुर्चीचं रेक्झिन फाडलं. मालक घाबरून घरी निघून गेले. तेव्हा काका पडद्यासमोरच्या लाकडी कठड्यावर चढले, बॅटरी स्वतःच्या पायांवर मारली आणि म्हणाले, "बसा. मी सांगतो पुढचं."

पिक्चर आदल्या दिवशीच लागलेला आणि आदल्या दिवशी काका पुतणीच्या हळदीला, शनिवारी लग्न उरकून थेट तीनच्या खेळाला आलेले. म्हणजे त्यांनी स्वतःच दुसरा भाग बघितला नव्हता! आम्हाला काय माहीत. ते सांगत सुटले. मागच्या रांगेतून ओरडा झाला, "चाचा, मारपीट कब है?" काका, "आगे है. पहले इसकी बहन को घर पहुँचाने दो." मारामारी झाली तीसुद्धा त्यांनी हात न हलवता, नुसत्या आवाजात केली. शेवटी खलनायकाने बर्फाचा कारखाना कामगारांच्या नावावर करून दिला. टाळ्यांनी पत्रे हादरले. आणि तेवढ्यात डबे आले.

ऑपरेटरने दुसरा भाग लावला. त्यात खलनायक गच्चीवरून पडून मेला, कारखाना राहिला बाजूला. सगळं टॉकीज पडद्यावर चिडलं. बाहेर पडताना आईसोबतच्या बायका काकांना घेरून उभ्या. "काय ओ, आमाला बनवता काय?" काका जरासुद्धा शरमले नाहीत. म्हणाले, "मी बरोबर सांगितलं. काढनाऱ्यानं चुकीचं काढलंय."

हसा. मीही हसते. पण सुनावणीच्या नोटिशीत टॉकीजबद्दल एक वाक्य आहे: 'सदर वास्तूस कोणतेही उल्लेखनीय ऐतिहासिक महत्त्व आढळून येत नाही.' आढळून यायला आत डोळे उघडे ठेवून कोण गेलं होतं? मी गेले होते. स्टॉलची दुसरी आणि तिसरी रांग बघा म्हणावं. खुर्च्यांच्या पाठी आणि हात पिवळे, निळे, किरमिजी पडलेत. रंगाच्या कंपन्यांतली माणसं पाळीवरून थेट यायची. साबणाने हात धुतले तरी रंग सुटायचा नाही. इतर गिऱ्हाईक शेजारी बसायला कुरकुर करायचं, म्हणून काकांनी त्या दोन रांगा त्यांच्यासाठी राखल्या आणि मालकाने खुर्च्या बदलायला काढल्या तेव्हा आडवे पडले. "ऱ्हाऊ द्या शेठ. मानसं येऊन गेली ते दिसतं." पाहणीला आलेल्या माणसाच्या अहवालात या रंगाची नोंद आहे. 'आसने अस्वच्छ.' दोन शब्द.

टॉकीज बंद झालं तेव्हा काहीच झालं नाही. ना समारंभ, ना शेवटचा खेळ म्हणून पाटी. एका शुक्रवारी नवीन पोस्टर लागलं नाही, एवढंच. आई तोवर दुसऱ्या कंपनीत गेली होती, मी दहावीत होते. काका दांडीला परतले आणि जाळी विणायला लागले. बोटीत पाय न ठेवता समुद्राचं जेवढं काम करता येतं तेवढं.

नोटीस लागली तेव्हा मी त्यांच्याकडे गेले. ओट्यावर बसले होते, मांडीवर निळं जाळं. मला ओळखलं, पण माझ्या नावाने नाही. "स्टूलवाल्या वैनींची पोरगी ना?"

मी सगळं समजावलं. त्यांनी विचारलं, "सुनावनी म्हंजे काय करायचं?"

"तुम्ही टॉकीजचं सांगायचं. समितीला."

"त्यांनी कधी बघितलंय का टॉकीज?"

"नाही बहुतेक."

"मंग त्यांना पयल्यापासून सांगायला लागंल," काका म्हणाले आणि जाळं बाजूला ठेवलं. आतल्या खोलीत जाऊन खाकी शर्ट बाहेर काढला. तो त्यांनी जपून ठेवला होता. मंगळवारी तोच घातला, वरची गुंडी लावून.

आम्ही वेळेच्या आधी पोचलो. त्यांचा नंबर नववा. मी पुढच्या रांगेत जागा धरली, माझ्या मांडीवर फायली, डोक्यात मुद्दे. मागे वळून म्हटलं, "काका, या ना." ते दाराशी होते. "तू बस. मी हाय इकडे." मला वाटलं, उकडत असेल. मी पुढे तोंड केलं. ही माझी चूक, ती मी इथे लिहून ठेवते. त्या माणसाला दारात उभं करून मी निर्धास्त बसले, म्हणजे मी त्यांना ओळखलंच नव्हतं.

सुनावणी सुरू झाली आणि उशिरा येणारे यायला लागले. लांबून येणारी माणसं, गाड्या चुकलेली. आणि काका दार ओढून घेऊन त्यांना बाहेर थांबवायला लागले. पहिल्या नंबरचा काय बोलला, चष्मेवाला साहेब त्याला काय म्हणाला, कोणती बाई चिडली, सगळं सांगायचे. त्यामुळे आत गडबड नव्हती. अध्यक्षांनी मध्येच म्हटलंसुद्धा, "आज शांतता चांगली आहे." ती शांतता कोण राखत होतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

नववं नाव पुकारलं. एकदा. दोनदा. मी उभी राहिले. "आहेत, बाहेर आहेत, आणते." अध्यक्ष म्हणाले, "बसा. मध्ये बोलू नका." तिसऱ्यांदा पुकारलं. मी फायली टाकून दाराकडे धावले. बाहेर विक्रमगडकडून आलेलं एक जोडपं उभं होतं, बाईच्या कडेवर मूल, आणि काका वाकून हळू आवाजात सांगत होते, "... तर आता आठवा नंबर बोलून बसला. आता कोन येतो बघा."

मी त्यांचा हात धरून आत ओढलं. तोवर दहावा उभा राहिला होता.

"पुकारलं तेव्हा हजर नव्हते. नोंद झाली," अध्यक्ष म्हणाले.

मी भांडले. टेबलावर हात आपटला, त्याबद्दल मला समज देण्यात आली. काका समितीकडे बघत उभे राहिले, मग माझ्या खांद्याला हात लावला. "चल, पोरी. ते बघायला आलेले नायत."

लेखी निवेदनं महिनाअखेरपर्यंत घेणार आहेत. परवा कागद आणि पेन घेऊन मी पुन्हा दांडीला गेले. काकांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही.

"तुम्ही बोला, मी लिहिते," म्हटलं.

"कोनाला सांगतोय ते दिसत नाय तर काय सांगू? मोठा हाय का बारका, पाळीवरनं आलाय का बाजारातनं? त्याचं तोंड बघितल्याबिगर तोंडातनं गोष्ट निघत नाय माझ्या."

"मग पाडतील ते, काका."

सुई जाळ्यातून दोनदा गेली. "तुमी समद्यांनी लिवा. तुमाला सांगितलंय मी सगळं."

ते बरोबर होते. सांगायचं काम त्यांनी उभ्या आयुष्यात पुरं केलंय. पाळीवरून आलेल्या, बाजारातून आलेल्या, बस चुकलेल्या प्रत्येकाला, एकही न गाळता. आता साक्षीदार ते नाहीत. तुम्ही आहात.

तेव्हा हे वाचून 'किती छान माणूस' म्हणून पान उलटू नका. मला तुमचा उसासा नको. तुम्ही बोईसरच्या टॉकीजमध्ये एकदा जरी गेला असाल तर एक कागद घ्या. कोणत्या रांगेत बसलात, कोणाबरोबर होतात, कुठून कामावरून आला होतात आणि डोअरकीपरने दारात थांबवून तुम्हाला काय सांगितलं, ते तुम्हाला येईल त्या भाषेत लिहा. लिहिता येत नसेल तर नातवाला बसवून सांगा. खाली नाव, गाव आणि सही किंवा अंगठा. दर रविवारी सकाळी दहापासून मी टॉकीजच्या पायऱ्यांवर बसलेली असेन. महिना संपायला दोन रविवार आहेत. कागद माझ्या हातात आणून द्या.